पाचवा खडा

माझ्या तोंडून हे आजवर बाहेर पडलेलं नाही. सांगायला माणूस नव्हता असं नाही. मोहोळला सख्खी बहीण आहे, गिरणीत बारा-तेरा वर्षांचे सोबती आहेत, आणि मी काही अबोल माणूस नव्हे. उलट माझी जीभ जरा जास्तच चालते अशी डिझाइन खात्यात तक्रार आहे. पण हे सांगायचं म्हणजे आधी एक खेळ समजावून द्यावा लागतो, आणि खेळ समजावता समजावता समोरच्याला जांभई येते. मग मी म्हणतो, जाऊ दे. खरं सांगू? त्या जांभईचं मला दर वेळी बरंच वाटत आलं आहे. तुम्हालाही येईल कदाचित — येऊ द्या. आज मी थांबणार नाही.

व्यंकय्या मास्तर आमच्या गिरणीचे डिझाइन मास्तर. सोलापूरच्या साखर पेठेतल्या तेलुगू विणकराचा मुलगा. हात इतका चांगला की गिरणीच्या मालकांनी तरुणपणी त्यांना जपानला धाडलं, विणकामातलं नवं काही शिकून ये म्हणून. तीन वर्षं ते ओसाका शहरात राहिले. परत आले ते एक पत्र्याची ट्रंक, लुगड्यांच्या काठांसाठी तिथे काढलेले शेकडो नमुने आणि एक खेळ घेऊन. नमुने गिरणीनं घेतले. खेळ कुणी घेतला नाही.

त्या खेळाला तिकडे ‘गो’ म्हणतात. आमच्याकडे त्याला ‘मास्तरचे खडे’ म्हणत. पाटावर एकोणीस आडव्या, एकोणीस उभ्या रेघा. रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे एकानं काळा खडा ठेवायचा, मग दुसऱ्यानं पांढरा. ठेवलेला खडा हलत नाही. शत्रूचे खडे चहूबाजूंनी कोंडले की ते मेले, उचलून घ्यायचे. पण कोंडलेल्या खड्यांच्या पोटात दोन वेगवेगळी मोकळी घरं उरली, तर मात्र ते कधीच मरत नाहीत. का? शत्रूला एका पाळीत एकच खडा ठेवता येतो. दोन्ही घरं एकदम बुजवता येत नाहीत, आणि एकेक बुजवायला जावं तर आत टाकलेला खडा स्वतःच कोंडून मरतो. बस्, एवढंच. बाकी सगळा खेळ म्हणजे आपली दोन घरं राखणं आणि दुसऱ्याची होऊ न देणं.

या खेळात कोडी असतात. पाटाचा एक कोपरा मांडलेला असतो — काळे खडे कोंडलेले, पाळी काळ्याची. जगतील की मरतील? कोड्यात तिसरं उत्तर नसतं, आणि मला नेमकं तेच आवडलं. मी गिरणीत लागलो तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. आईवडील नव्हते, लग्न जमलं नव्हतं (पुढेही जमलं नाही, तो वेगळा विनोद आहे). एका किराणा दुकानाच्या मागे खोली घेऊन राहत होतो. मास्तरांनी एकदा जेवणाच्या सुट्टीत चौकडीच्या कागदावर — ज्यावर आम्ही काठाची नक्षी भरायचो त्याच कागदावर — एक कोडं मांडून माझ्यापुढे सरकवलं. मी ते दुसऱ्या दिवशी सोडवून आणलं. त्या वेळी मास्तरांचा जो चेहरा झाला तो मी विसरलेलो नाही. परदेशात अचानक आपली भाषा कानावर पडावी तसा.

तेव्हापासून दर रविवारी दुपारी मी साखर पेठेत. अंगणातला हातमाग बंद असायचा, त्याच्याशेजारी पाट मांडलेला. खडे त्यांनी जपानहून आणलेले, पण वाटेत बोटीवर काही हरवले होते. म्हणून काळ्यांत अकरा चिंचोके होते आणि पांढऱ्यांत सदऱ्याची बटणं. मास्तरांची बायको, जिला सगळी पेठ अम्मा म्हणे, शेंगाची चटणी आणि भाकरी पुढे ठेवून जायची. मला शंकरप्पा म्हणायची. आठवड्याचे सहा दिवस मी त्या रविवारसाठी काढायचो, हे आता सांगायला लाज कसली? सबंध सोलापुरात तो खेळ येणारी माणसं दोन. मी आणि मास्तर. मला वाटायचं, हे असंच असावं आणि असंच राहावं.

आता ओसाकाचा म्हातारा. मास्तर तिकडे ज्याच्या घरी भाड्यानं राहत तो रंगारी होता. खेळ त्यानंच शिकवला. निघताना बंदरावर तो मास्तरांना म्हणाला होता, घरी जाऊन मला असं एक कोडं कर, की माझी एक अख्खी संध्याकाळ त्यात जाईल. मास्तरांनी कबूल केलं होतं. दर नव्या वर्षाला म्हाताऱ्याचं कार्ड यायचं, वर खुशाली आणि खाली एक कोडं. मास्तर ते सोडवून उत्तर धाडायचे. आणि शेवटी दर वेळी तेच लिहायचे — माझं कोडं तयार होतंय. अशी पंधरा-सोळा वर्षं गेली होती. पुढे जपानी स्वस्त कापडानं बाजार भरला आणि गिरणीत लोक जपानच्या नावानं बोटं मोडू लागले, तेव्हाही ती कार्डं येत राहिली. पोस्टमन मुद्दाम मोठ्यानं ओरडायचा, ‘जपान!’ मास्तर हसून घ्यायचे.

मी मुद्द्यावर येत नाही, हे मला कळतंय. येतो.

पण आधी गिरणीची एक रीत सांगायला हवी, तिच्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्या खात्यात ज्यानं नमुना काढला त्यानं तो स्वतः तपासायचा नाही. दुसऱ्यानं तपासायचा. चूक सापडली तर तपासणाऱ्यानं तिथे तांबड्या पेन्सिलीनं फुली मारायची, आणि फुलीशी काढणाऱ्यानं वाद घालायचा नाही. कागद तपासणाऱ्याच्या खणात जमा. काढणाऱ्यानं नव्यानं काढायचा. ही रीत मास्तरांनीच घातलेली. कारण एकदा तपासनिसाची फुली त्यांनी स्वतःच्या तोऱ्यात खोडून टाकली होती, आणि त्या ताण्यावर विणलेली सगळी लुगडी काठात एक घर सरकलेली निघाली. त्या दिवसापासून ते म्हणायचे, ‘आपली चूक आपल्या डोळ्याला दिसत न्हाय. फुली म्हंजे फुली.’

कोडं तयार झालं तेव्हा उन्हाळा होता. मास्तरांनी मला ते उत्तराशिवाय दिलं. अकरा दिवस मला सुटलं नाही. बाराव्या दिवशी उत्तर त्यांनीच दाखवलं, आणि माझ्या अंगावर काटा आला. काळ्यानं आपले चार खडे मुद्दाम मरायला टाकायचे. पांढरा ते उचलतो. आणि उचलल्यानं जी जागा मोकळी होते, तिच्यातच काळा परत खडा ठेवतो, पांढऱ्याला कापतो आणि दोन घरं करून बसतो. आपल्याच मेलेल्यांच्या जागेवर जगायचं! इतकं सुंदर काही मी पाहिलं नव्हतं. मी मनापासून वाहवा केली — ती खोटी नव्हती, एवढं तरी माना.

मग मास्तर बोलले. कोडं पाठवायचं. म्हातारा ते आपल्या मंडळींना दाखवील. त्यातले चार-पाच जण पत्रानं खेळायला तयार होतील. एकेका खेळीला महिना-दीड महिना लागेना का. त्यांचे डोळे चमकत होते. आणि माझ्या पाठीवर थाप मारून ते हसत म्हणाले, ‘तू बरा खेळतोस की. पण मला हरवणारं कोण तरी पायजे रे, शंकर. किती वर्सं जिंकायचं एकट्यानं?’

एकट्यानं. मी समोर बसलेलो असताना.

त्यांनी टोमणा मारला नव्हता. टोमणा मारणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. पण मला तो शब्द लागला. माझ्याकडे तरी दुसरं काय होतं? त्यांच्याकडे अम्मा होती, पेठ होती, ओसाकाचा म्हातारा होता. आणि आता आणखी चार-पाच जण येणार होते. उद्या मी अंगणात जाईन आणि मास्तर पत्रातल्या खेळ्यांत डोकं घालून बसलेले असतील, मी आपली भाकरी खाऊन परत येईन. असं मी त्या दुपारी बसल्या बसल्या ठरवूनही टाकलं. यातलं काही घडलं नव्हतं. तरी मला त्याचा राग आला होता.

निघताना त्यांनी कागद माझ्या हातात दिला. ‘तपासून दे. रीत ती रीत.’

मी तो आठवडाभर तपासला. सकाळी गिरणीत जाण्याआधी, जेवणाच्या सुट्टीत, आल्यावर. मी काय शोधत होतो? चूक शोधत होतो, दुसरं काय! आणि गुरुवारी मला काहीतरी सापडलं. पांढऱ्यानं ते चार खडे उचललेच नाहीत तर? त्याऐवजी तो सरळ कोपऱ्यात बसला तर? ही खेळी मास्तरांनी धरलीच नव्हती. मी मांडून पाहिलं, पुन्हा मांडून पाहिलं. काळा मेला. सोळा वर्षांचं कोडं फुटलं. मला आनंद झाला — लपवत नाही. मी खोलीत उभा राहून चक्क हसलो.

पण शुक्रवारी मला पुढचं दिसलं. पांढरा कोपऱ्यात बसला की काळ्यानं त्या चार खड्यांना लागून आणखी एक, पाचवा खडा, तसाच मरायला टाकायचा. बघताना वेडेपणा वाटतो. पण मग पांढऱ्याला उचलावंच लागतं, नाहीतर त्याचेच खडे कोंडतात. आणि पाच उचलले की मोकळी झालेली जागा आणखी मोठी. काळा जगतो. कोडं अभंग होतं. नुसतं अभंग नव्हे, मास्तरांना स्वतःला माहीत होतं त्यापेक्षा ते खोल होतं. म्हाताऱ्याच्या एक नव्हे, दहा संध्याकाळी गेल्या असत्या.

सोमवारी गिरणीत मी मास्तरांपुढे कागद ठेवला. कोपऱ्यावर तांबडी फुली होती. पांढऱ्याची ती खेळी मी त्यांना दाखवली.

पाचवा खडा दाखवला नाही.

हाच माझा गुन्हा. अर्धं सांगितलं, अर्धं गिळलं. कुणी म्हणेल, खोटं कुठे बोललास? फुली म्हणजे काय हे मला ठाऊक होतं. तरी मी ती मारली. रेघ कशी सरळ आहे, आजही बघता येते.

मास्तरांनी कागदाकडे पाहिलं. खालून डॉबीच्या मागांचा आवाज येत होता. फुलीशी त्यांनी वाद घातला नाही — घालणारच नव्हते, ते मला माहीत होतं. मग म्हणाले, ‘व्हय. मेलं की सगळं.’ आणि माझा हात हातात घेऊन म्हणाले, ‘लई उपकार झाले बघ. म्हाताऱ्यासमोर तोंड काळं झालं असतं माझं.’

मी काय केलं? मी म्हणालो, ‘त्यात काय मास्तर.’

कागद रीतीप्रमाणे माझ्या खणात गेला. मास्तर दुरुस्तीला लागले. आणि आता जे सांगतो ते मला फुलीपेक्षाही जड जातं. वर्षभर मी दर रविवारी त्यांच्यासमोर बसून ती दुरुस्ती पाहिली. धडधाकट माणसाला औषधं द्यावीत तसं चाललं होतं. एक खडा इकडे सरकव, एक रेघ तिकडे. आणि दर दुरुस्तीगणिक ते कोडं खरोखरच बिघडत चाललं होतं. नवा कागद ते माझ्याकडे तपासायला देत. मी फुली मारत असे. आता फुल्या खऱ्या होत्या! चुका खरोखरच असायच्या, आणि मी त्या चोख शोधून काढायचो. कधी कधी मास्तर म्हणत, पहिलंच बरं होतं, नाही का रे? मी तांबडी पेन्सिल तासायला घ्यायचो.

मग त्यांनी सोडून दिलं. त्या नव्या वर्षाला कार्ड आलं, त्यावरचं कोडं त्यांनी सोडवलं, पण उत्तर धाडलं नाही. शेवटी काय लिहायचं, हा प्रश्न होता. तयार होतंय असं लिहायचं? ते आता लिहवत नव्हतं. पुढच्या वर्षीही कार्ड आलं. तेही तसंच ट्रंकेत गेलं. तिसऱ्या वर्षी पोस्टमन ओरडला नाही. म्हातारा गेला, की मास्तर आपल्याला विसरले असं समजून त्यानं नाद सोडला, ते कळायला मार्ग नाही. मास्तरांनी जानेवारीभर पोस्टमनची वाट पाहिली आणि मग वाट पाहणं बंद केलं.

मला हवं होतं ते मिळालं होतं. सोलापुरात परत दोन माणसं, एक पाट आणि रविवार. फक्त मास्तर आता जिंकायची घाई करत नव्हते, हरायचीही नाही. खडा ठेवायचे आणि अंगणातल्या बंद मागाकडे बघायचे. एकदा तर मी त्यांना हरवलं. आयुष्यात पहिल्यांदाच. ‘शाबास’ म्हणाले आणि खडे गोळा करायला लागले. त्या जिंकण्याचं मी काय करणार होतो, सांगा.

खोकला त्यांना आधीपासून होता, तो वाढला. शेवटच्या महिन्यात अंथरुणाला खिळले. एका रविवारी मी ठरवून निघालो. खणातला तो पहिला कागद घडी घालून खिशात घेतला होता. सांगायचं — कोडं जिवंत आहे, मास्तर, पहिल्यापासून जिवंत होतं, हा बघा पाचवा खडा. वाटेत वाक्यं पाठ केली. अम्मानं दार उघडलं. आत शेजारचे दोघे बसले होते. त्यांना मास्तर माझ्याकडे बोट करून सांगायला लागले, की ह्यानं माझी लाज राखली बरं का. दम लागेपर्यंत सांगत राहिले. शेजारी माझ्याकडे कौतुकानं बघत होते.

ते शेजारी उठून गेले. नंतर तास-दीड तास आम्ही दोघंच होतो. म्हणजे शेजाऱ्यांचं निमित्तही मला पुरत नाही. मास्तर म्हणाले, एखादं कोडं सांग, डोळे मिटून सोडवतो. खिशात हात घातला तर बोटाला कागद लागत होता. मी त्यांना एका जुन्या कार्डावरचं सोपं कोडं सांगितलं. त्यांनी ते पडल्या पडल्या सोडवलं आणि त्यांना झोप लागली. दहा-बारा दिवसांनी ते गेले.

पाट आणि खडे मला द्यायचे, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. अम्मा स्वतः डोक्यावरून घेऊन आली, टांगा केला नाही. ट्रंकेतली कार्डंही तिनं दिली, तिला काय करायची होती? म्हाताऱ्याचा पत्ता त्यांच्यावर छापलेला आहे. तुम्ही विचाराल, आता तरी कोडं पाठवता येईल की! येईल. म्हातारा नसेल तर त्याच्या घरचं कुणी असेल. पण पाठवायचं तर ते इतक्या उशिरा का, हे लिहावं लागेल, आणि पाचवा खडा कुणाला केव्हा दिसला, तेही. चार वेळा कागद पुढे घेतला. मास्तरांचं नाव लिहिलं की पुढे पेन चालत नाही. हे कारण नव्हे. जे घडतं ते सांगितलं.

मास्तर जाऊन सहा वर्षं झाली. आता डिझाइन मास्तर मी आहे. माझे नमुने दुसरा एक जण तपासतो आणि फुलीशी मी वाद घालत नाही. खेळ मी कुणाला शिकवला नाही. दोघांनी विचारलं होतं. मी म्हणालो, कंटाळवाणा आहे. सोलापुरात आता तो येणारा माणूस एक.

रविवारी दुपारी मी खोलीत पाट मांडतो. चौकडीचा तो पहिला कागद, तांबड्या फुलीसकट, शेजारी ठेवतो, आणि कोडं मांडतो. मी पांढऱ्याच्या बाजूनं बसतो. काळ्याला मारायची एक तरी वाट निघते का, ते बघतो. एक निघाली, तर माझी फुली खरी ठरेल. मग मी फक्त घाई केलेला माणूस उरेन. सहा वर्षं बघतो आहे. या कोपऱ्यात खडा ठेवायच्या जागा तरी किती असणार? प्रत्येक जागी बसून पाहिलं आहे. पाचव्या खड्याच्या जागी मी नेहमी चिंचोका ठेवतो, म्हणजे उचलताना हाताला वेगळा लागतो.

गेल्या रविवारीही मांडलं. काळे जगले. ते दर वेळी जगतात.

मग मी खडे डब्यांत भरतो. तेवढ्यात पेठेतून कुणी ना कुणी फडक्यात बांधलेली भाकरी आणि शेंगाची चटणी आणून देतं. अम्मा अजून पाठवते, एक रविवार चुकवत नाही. मास्तरांची लाज राखणाऱ्या शंकरप्पासाठी. मी फडकं सोडतो आणि जेवतो.